खाते नसलेली नाट्यगृहे

मराठी रंगभूमी आज ज्या छपरांखाली उभी आहे, त्यांतील बहुतेक मोठी छपरे महापालिकांच्या मालकीची आहेत. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर आणि यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन, नाशिकचे महाकवी कालिदास कलामंदिर, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, अशी ही नावे नाटकाच्या जाहिरातीतून प्रेक्षकांच्या इतकी परिचयाची झालेली असतात की त्यांचा मालक कोण, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. स्वच्छतागृह तुंबलेले असते, वातानुकूलन मध्येच बंद पडते, एखाद्या अभिनेत्याचा संताप वर्तमानपत्रात छापून येतो, तेव्हा तेवढ्यापुरते महापालिकेचे नाव निघते आणि दोन दिवसांत विरूनही जाते. यांपैकी एखाद्या नाट्यगृहावर एका वर्षात किती खर्च झाला, भाड्यापोटी किती जमा झाले आणि त्या पैशांत रंगमंचावर नेमके काय घडले, या तीन गोष्टी एकाच कागदावर पाहायला मिळणे मात्र दुर्मीळ आहे. महापालिकेच्या दप्तरात नाट्यगृह ही एक इमारत असते. तेथे चालणाऱ्या कामाचे स्वतंत्र खाते बहुधा नसते, आणि उत्तरदायित्वाचा सारा गुंता या एका गोष्टीपासून सुरू होतो.

बांधणे ऐच्छिक, राखणे बंधनकारक

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा मुंबई वगळता राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेला कायदा महापालिकेच्या कर्तव्यांची दोन गटांत विभागणी करतो. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये येतात, ज्यांत पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती, अग्निशमन यांचा समावेश आहे, तर कलम ६६ मध्ये महापालिकेने इच्छा आणि ऐपत पाहून करावयाची ऐच्छिक कर्तव्ये दिलेली आहेत. कला आणि करमणुकीच्या सोयी या दुसऱ्या गटात मोडतात. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या चर्चेत नाट्यगृहाचा विषय निघाला की गटारे तुंबलेली असताना नाटकांवर पैसा कशाला, हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला कायद्याचा आधार असल्यासारखे वाटते.

हा आधार फसवा आहे. त्याच कलम ६३ मध्ये महापालिकेकडे निहित असलेल्या मालमत्तेची देखभाल करणे हेदेखील बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. म्हणजे नाट्यगृह बांधायचे की नाही, हा निर्णय महापालिकेच्या मर्जीचा असला, तरी एकदा ते बांधले किंवा वारशाने ताब्यात आले, की त्याचे छत, त्याच्या वीजवाहिन्या आणि आपत्कालीन दारे सुस्थितीत ठेवण्यात ऐच्छिक असे काही उरत नाही. प्रत्यक्षात मात्र नेमके उलटे घडते. नव्या नाट्यगृहाची कोनशिला बसवण्याचा उत्साह सर्वपक्षीय असतो, उद्घाटनाच्या पाटीवर नावांची दाटी होते, आणि कमी पडतो तो पडद्याच्या दोरखंडांचा, दिव्यांच्या पट्ट्यांचा, वाळवी लागलेल्या फळ्यांचा खर्च. हिशेबशास्त्राच्या भाषेत पहिला खर्च भांडवली, म्हणजे नवी मालमत्ता उभी करणारा, आणि दुसरा महसुली, म्हणजे असलेली मालमत्ता चालती ठेवणारा; आणि महसुली खर्चाच्या पाटीवर कोणाचे नाव कोरले जात नाही.

कोल्हापूर, ८ ऑगस्ट २०२४

या उलट्या क्रमाची किंमत कोल्हापूरने चुकवली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग कुस्ती मैदानाला लागून एक नाट्यगृह उभारले आणि त्याला ‘पॅलेस थिएटर’ हे नाव मिळाले. मल्ल आणि नट यांना एकाच आवारात, जवळजवळ पाठीला पाठ लावून जागा देणारी ही योजना शाहू महाराजांच्या राजनीतीशी सुसंगत होती, कारण दोन्ही कलांना ते राज्याच्या खर्चाने पोसत होते आणि दोन्हींचा प्रेक्षक एकच होता, म्हणजे कोल्हापूरची सामान्य रयत. ध्वनिक्षेपकाचा वापर रूढ होण्यापूर्वीची ही वास्तू असल्यामुळे नटाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचे काम तिच्या रचनेलाच करावे लागले. पुढे १९५७ मध्ये तिला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात जन्मलेल्या, ‘ललितकलादर्श’ ही मंडळी स्थापन करणाऱ्या आणि १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ करून त्याच वर्षी अकाली निधन पावलेल्या या गायक-नटाची जयंती ९ ऑगस्टला असते.

त्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, आतले लाकूडकाम आणि खुर्च्या जळाल्या, लगतच्या खासबाग मैदानाकडील व्यासपीठही आगीत सापडले. दगडी भिंतींचा मोठा भाग तेवढा उभा राहिला. शहरातील कलावंत भर पावसाळ्याच्या रात्री रस्त्यावर जमले होते आणि त्यांतील अनेकांना रडू आवरत नव्हते, याची नोंद त्या वेळच्या बातम्यांत आहे. काही दिवसांतच राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी कोट्यवधी रुपयांचा निधी जाहीर केला. दुर्घटनेनंतर पैसा किती वेगाने उपलब्ध होतो, हे पाहून कोणालाही प्रश्न पडावा की ज्या व्यवस्थेला काही दिवसांत कोट्यवधी रुपये कबूल करता येतात, तिला त्याच वास्तूच्या वीजवाहिन्यांची वेळच्या वेळी तपासणी करून तिचा अहवाल जाहीर करणे इतके अवघड का जावे.

येथे एक प्रशासकीय तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. आगीच्या वेळी कोल्हापूर महापालिकेत लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नव्हते. नगरसेवकांची मुदत २०२०च्या नोव्हेंबरमध्ये संपलेली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक या महापालिकांतही २०२२ पासून अशीच स्थिती आली. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात, स्थायी समिती तो तपासून खर्चाला मंजुरी देते आणि मोठे धोरणात्मक निर्णय सर्वसाधारण सभेपुढे जातात. प्रशासकाच्या काळात समिती आणि सभा या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटतात, त्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा यांच्यातील भेद कागदावरच उरतो. अनेक स्थायी समित्यांचा लौकिक फारसा उजळ नव्हता, हे मान्य करूनही असे म्हणावे लागेल की तेथे विरोधी पक्षाचा एखादा चिवट सदस्य निदान फाइल मागवू शकत असे, आणि ती कोठे अडली आहे हे दुसऱ्या दिवशी पेपरात येत असे.

तपासणारा आणि तपासला जाणारा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने सार्वजनिक वापराच्या इमारतीची आगीपासून सुरक्षितता राखण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे प्रत्यक्ष ताबा असणाऱ्यावर टाकलेली आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून घेऊन ती चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचा असतो. खाजगी मॉल, रुग्णालय किंवा चित्रपटगृह यांच्या बाबतीत ही रचना निदान तत्त्वतः बरी चालते, कारण दाखला देणारा एक आणि मागणारा दुसरा असतो.

महापालिकेच्या नाट्यगृहाच्या बाबतीत मालक महापालिका, भोगवटादारही महापालिका, आणि दाखला तपासणारा मुख्य अग्निशमन अधिकारी त्याच महापालिकेच्या आयुक्तांच्या हाताखाली काम करणारा असतो. त्याने त्रुटी काढली तर नोटीस कोणावर बजावायची? मालमत्ता विभागावर, जो त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतो? खाजगी मालकाचे नळ-वीज तोडण्याचा जो अधिकार कायदा देतो, तो स्वतःच्याच संस्थेवर चालवला गेल्याचे उदाहरण सहसा ऐकू येत नाही. म्हणूनच नाट्यगृहाला आग लागल्यावर मागावयाचा पहिला कागद चौकशी अहवाल असू नये, तो त्या वर्षीच्या जुलैचा दाखला असावा. तो होता की नव्हता, त्यावर कोणत्या परवानाधारकाची सही होती आणि त्याने नेमके काय तपासले होते, यांत बहुतेक उत्तरे दडलेली असतात.

नाट्यगृहाची जोखीम सामान्य सभागृहापेक्षा निराळी असते, हेही या दाखल्यांत पुरेसे उमटत नाही. रंगमंचाच्या वर आणि बाजूला कापडी विंगा, झालरी, पडदे, लाकडी नेपथ्य असते. त्यांच्या अगदी जवळ तापणारे दिवे टांगलेले असतात. आणि प्रत्येक नाटकाचा प्रकाशयोजनाकार आपापल्या गरजेप्रमाणे तात्पुरती जोडणी करून घेतो, जी प्रयोग संपला की सुटते आणि पुढच्या सत्रात दुसऱ्याच पद्धतीने बांधली जाते. मंजूर वीजभार आणि प्रत्यक्ष भार यांच्यातील तफावत येथे रोज बदलते. ती रोज पाहणारा माणूस नाट्यगृहाचा वीजतंत्री असतो, आणि ते पद अनेक ठिकाणी रिक्त तरी असते किंवा कंत्राटी तरी.

तारीख नावाचे अनुदान

बाहेरून कोरडा वाटणारा, पण खऱ्या अर्थाने सांस्कृतिक धोरण ठरवणारा कागद म्हणजे नाट्यगृहाची तारखांची वही, मग ती आता संगणकावर असो. दिवसाची साधारण तीन सत्रे असतात, सकाळचे, दुपारचे आणि रात्रीचे. पुढच्या काही महिन्यांच्या तारखांसाठी नाट्यसंस्था अर्ज करतात, व्यावसायिक नाटकांना, हौशी संस्थांना, संगीत-नृत्याच्या कार्यक्रमांना आणि इतरांना ठरलेल्या प्रमाणात तारखा वाटल्या जातात, अनामत रक्कम भरली जाते, भाड्यावर वस्तू व सेवा कर लागतो, वातानुकूलन आणि जादा वीज यांचे वेगळे आकारले जाते. नाटकासाठीचे भाडे इतर कार्यक्रमांच्या भाड्यापेक्षा कमी ठेवण्याची प्रथा बहुतेक महापालिकांत आहे आणि ती योग्यच आहे, कारण पूर्ण बाजारभावाने भाडे आकारले तर शनिवार-रविवारच्या गर्दीच्या नाटकांखेरीज काहीच टिकणार नाही.

पण ही सवलत म्हणजेच महापालिकेने रंगभूमीला दिलेले अनुदान असते, आणि ते कोठेही अनुदान म्हणून नोंदवले जात नाही. पूर्ण दर आणि सवलतीचा दर यांतील फरक, गुणिले वर्षभरातील सत्रे, एवढा साधा हिशेब अर्थसंकल्पात मांडला, तर महापालिका नाटकावर किती खर्च करते हे नागरिकांनाही कळेल आणि नाट्यव्यावसायिकांनाही. जमा बाजूला फक्त प्रत्यक्ष आलेले भाडे दिसते, खर्चाच्या बाजूला वीजबिल आणि पगार दिसतात, आणि त्यावरून ‘नाट्यगृह तोट्यात आहे’ असा निष्कर्ष निघतो. तोटा नावाच्या त्या आकड्यात जाणीवपूर्वक दिलेली सवलत किती आणि निव्वळ अव्यवस्था किती, हे वेगळे करण्याची सोयच ठेवलेली नसते. भाडेवाढीचे प्रस्ताव या आंधळ्या आकड्यावर येतात, आणि त्यांना होणारा विरोधही तितक्याच अंदाजाने केला जातो.

याच वहीत दुसरी एक गळती आहे, जिची ओरड रंगकर्मी वर्षानुवर्षे करत आले आहेत. नाटकाला दिलेली शनिवार-रविवारची तारीख ऐनवेळी काढून घेऊन राजकीय मेळाव्याला, शासकीय कार्यक्रमाला किंवा एखाद्या पदाधिकाऱ्याच्या सत्काराला दिली जाते. निर्मात्याने जाहिरात दिलेली असते, तिकीटविक्री सुरू झालेली असते, कलाकारांनी मालिकेच्या चित्रीकरणातून सुट्टी काढलेली असते. अनामत परत मिळते, नुकसान मिळत नाही. महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ महापालिकेची मालमत्ता भाड्याने किंवा वापरासाठी देताना रास्त मोबदल्याची अट घालते; हा नियम मोठ्या भाडेपट्ट्यांच्या प्रकरणांत न्यायालयापर्यंत चर्चिला जातो, परंतु रविवारचे रात्रीचे सत्र हीदेखील सार्वजनिक मालमत्ताच आहे आणि ती कोणाच्या शब्दावर कोणाला दिली गेली, याची लेखी कारणमीमांसा वहीत असायला हवी, असा आग्रह कोणी धरत नाही. रद्द केलेल्या तारखांची यादी, रद्द करण्याचे कारण आणि आदेश देणाऱ्याचे पदनाम, एवढी माहिती दरमहा नाट्यगृहाच्या दर्शनी भागात लावायला एक कागद आणि चार टाचण्या पुरतात.

दुरुस्तीची वाट

दुरुस्तीच्या पैशाचा प्रवास तारखेपेक्षा अधिक वळणांचा असतो. छत गळत असेल तर ते काम भवन विभागाचे, दिवे विद्युत विभागाचे, पंखे आणि वातानुकूलन कधी विद्युत विभागाचे तर कधी वेगळ्या कंत्राटाचे, साफसफाई घनकचरा विभागाची किंवा खाजगी संस्थेची, वाहनतळ आणि उपाहारगृह मालमत्ता विभागाचे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे या सर्वांना पत्र लिहिण्याचा अधिकार असतो, खर्च करण्याचा जवळजवळ नसतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या लेखी जो जबाबदार माणूस, तो महापालिकेच्या लेखी केवळ तक्रार पुढे पाठवणारा असतो.

काम मंजूर झाले की अंदाजपत्रक तयार होते. त्यासाठी शासनाची दरसूची वापरली जाते, जिच्यात वीट, सिमेंट, रंग, फरशी, वायर यांचे दर ठरलेले असतात. रंगमंचाच्या खास गरजा, म्हणजे ध्वनिशोषक आवरण, पडद्याची यंत्रणा, दिव्यांचे मंदक, ध्वनियंत्रणा, यांतील अनेक बाबी या सूचीत बसत नाहीत. मग बाजारातून दरपत्रके मागवून दरपृथक्करण करावे लागते, म्हणजे साहित्य, मजुरी, वाहतूक आणि नफा यांची फोड करून दर ठरवावा लागतो. अपारदर्शकतेला सर्वाधिक वाव येथे आहे, कारण अंदाजपत्रक करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला रंगमंचाचे तंत्र क्वचितच ठाऊक असते आणि ज्यांना ते ठाऊक असते त्या नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, ध्वनिसंयोजकांना अंदाजपत्रक पाहायला मिळत नाही. नूतनीकरणानंतर नाट्यगृह झळाळते, खुर्च्या मऊ होतात, आणि पहिल्याच प्रयोगाला लक्षात येते की विंगेतून सेट आत आणण्याचे दार अरुंद झाले आहे किंवा आवाज घुमतो आहे. अशा चुकीला लेखापरीक्षणात जागा नसते. खर्च मंजुरीप्रमाणे झाला आहे, मोजमाप पुस्तकात नोंद आहे, देयक अदा झाले आहे.

पैसा बाहेरून आला तर वाट आणखी लांबते. राज्य शासनाच्या अनुदानासाठी महापालिकेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, जे पैसे खर्च झाल्याचे सांगते, उपयोग झाल्याचे सांगत नाही. नाशिकमध्ये कालिदास कलामंदिराचे नूतनीकरण स्मार्ट सिटी योजनेतून झाले. या योजनेची कामे महापालिकेच्या नेहमीच्या विभागांऐवजी कंपनी कायद्याखाली नोंदवलेल्या स्वतंत्र कंपनीमार्फत होत, जिच्या संचालक मंडळात अधिकारी आणि काही लोकप्रतिनिधी असत. काम झाल्यावर भाडे वाढवले गेले तेव्हा नाट्यसंस्थांनी विरोध केला, आणि प्रश्न असा उभा राहिला की सुधारणा करणारी कंपनी एक, भाडे ठरवणारी महापालिका दुसरी, तर दाद कोणाकडे मागायची. गोव्यातही याच गाठीचे वेगळे रूप दिसले. पणजीची कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांनी रचलेली वास्तू महापालिकेची नव्हे, राज्याची आहे. तिचे नूतनीकरण सार्वजनिक बांधकाम खात्याने हाती घेतले, आणि काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. वापरणारी संस्था, खर्च करणारे खाते आणि प्रश्न विचारणारे कलावंत हे तिघे तीन दिशांना होते.

आक्षेप कोठे जातो

महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक हे पद आहे आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे त्याने हिशेबाची नियमित तपासणी करून स्थायी समितीला अहवाल द्यायचा असतो. त्याचे आक्षेप परिच्छेदांच्या रूपात येतात: अनामत उशिरा भरून घेतली, उपाहारगृहाचे भाडे थकले, करारनामा नसताना वाहनतळ चालू दिला, एकाच कामाचे तुकडे पाडून निविदेची मर्यादा टाळली. संबंधित विभागाने अनुपालन, म्हणजे आक्षेपाचे उत्तर आणि केलेली दुरुस्ती, सादर करायची असते. ते आले नाही तर परिच्छेद प्रलंबित राहतो, आणि वर्षानुवर्षे प्रलंबित राहिलेल्या परिच्छेदांचे गठ्ठे ही महापालिकांची एक स्थायी मालमत्ताच म्हणायची. त्यातही हे आक्षेप विभागवार असतात. भवन विभागाच्या अहवालात नाट्यगृहाचे छत, विद्युत विभागाच्या अहवालात त्याचे दिवे, मालमत्ता विभागाच्या अहवालात त्याचे उपाहारगृह. हे तुकडे जोडून एका नाट्यगृहाचे चित्र उभे करण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणाला खर्चाची माहिती आपणहून जाहीर करायला सांगते, पण ती जाहीर होते तीही विभागवारच. म्हणून प्रत्येक नाट्यगृहाला अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष देणे, म्हणजे जमा आणि खर्चाच्या नोंदींसाठी त्याच्या नावाचे वेगळे सदर उघडणे, ही मागणी दिसायला कारकुनी असली तरी तिच्यावाचून बाकीच्या मागण्या हवेतच राहतात. अनेक शहरांत रंगकर्मींच्या सल्लागार समित्या नेमल्या जातात. त्यांच्यापुढे पडद्याचा रंग येतो, लेखाशीर्ष येत नाही, आणि समितीवरची मान्यवर मंडळीही तो आग्रह धरत नाहीत, कारण हिशेब हे कलावंताचे काम नव्हे असा आपल्याकडे एक जुना, सोयीचा समज आहे. किर्लोस्करांपासून ललितकलादर्शपर्यंतच्या नाटक मंडळ्यांचा गाडा मात्र पडदे, पोशाख, मुदपाकखाना आणि बिदागी यांचा पै-पैचा हिशेब ठेवूनच गावोगाव फिरला होता.

माहिती अधिकाराच्या त्याच कायद्यातील कलम २ (ञ) मध्ये एक तरतूद आहे, जिचा वापर नाट्यगृहांसाठी फारसा झालेला नाही. माहितीच्या अधिकारात कागदपत्रांच्या प्रती मिळवण्याबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार येतो. कोल्हापूरसारख्या पुनर्बांधणीत वीजवाहिन्या गिलाव्याआड जाण्यापूर्वी आणि ध्वनिशोषक आवरणावर कापड चढण्यापूर्वी काही आठवड्यांचा अवधी असतो, ज्या काळात वायरचा तुकडा, आवरणाची अग्निरोधक प्रत आणि मोजमाप पुस्तकातील नोंद या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहता येतात. त्यासाठी अर्जाला दहा रुपये शुल्क पडते, आणि अर्जाखाली सही करायला एखादा प्रकाशयोजनाकार किंवा ध्वनिसंयोजक असला, तर काय मागायचे हे त्याला दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही.